पेगन श्रद्धा आणि देवीशी नातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली अनेक वर्षं ब्रिजिड या आयरिश देवीची उपासना करते. त्या काळात लोकांनी मला विचारलेले आणि सुरुवातीला मी स्वतःलाच विचारलेले हे प्रश्न आहेत. उत्तरं माझ्या अभ्यासातून आणि अनुभवातून आली आहेत. जिथे मत माझं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

पेगन म्हणजे नेमकं कोण?

लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. पुढे सैनिक नसलेल्या सामान्य नागरिकालाही हा शब्द वापरू लागले. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी जुन्या देवांना न सोडणाऱ्यांसाठी तो उचलला, आणि त्यात हिणवण्याचा सूर होता. प्राचीन अथेन्समध्ये अथीना देवीला वस्त्र अर्पण करणाऱ्या बाईने स्वतःला कधीच पेगन म्हटलं नसतं. आपल्या श्रद्धेला वेगळं नाव द्यायची तिला गरजच नव्हती.

आज लोक हा शब्द अभिमानाने लावतात. विक्का (चेटूक आणि निसर्गपूजा मानणारा आधुनिक प्रवाह), प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेतलेली ड्रुइड परंपरा, नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांना मानणारे, ग्रीक देवांचे उपासक, लिथुआनियातले रोमुवा असे बरेच प्रवाह त्याखाली येतात. शिवाय कुठल्याच प्रवाहात न बसणारे, एकट्याने उपासना करणारे असंख्य आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला. २०११ मध्ये हा आकडा सुमारे ५७,००० होता.

मराठीत याला 'मूर्तिपूजक' म्हणायची रीत आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो. अनेक पेगनांकडे मूर्ती नसतेच. कुणाचा झरा असतो, कुणाचं झाड, कुणाची नुसती ज्योत.

ही परंपरा खरंच हजारो वर्षं अखंड चालत आली आहे का?

नाही. हे सुरुवातीलाच मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

रोमन सम्राट थिओडोसियसने ३९१-३९२ मध्ये देवांना बळी देण्यावर आणि मंदिरातल्या पूजेवर बंदी घातली. इजिप्तच्या दक्षिण सीमेवर फिली बेटावरचं आयसिस देवीचं मंदिर त्यानंतरही टिकून राहिलं, पण सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तेही बंद केलं. लिथुआनिया १३८७ मध्ये ख्रिस्ती झाला. युरोपात अधिकृतरीत्या धर्म बदलणारा तो शेवटचा देश मानला जातो. लोककथांत, औषधांच्या मंत्रांत, सणांच्या कडेकोपऱ्यांत बरंच काही उरलं. देवीचे पुजारी, त्यांचे विधी, त्यांची गाणी मात्र खंडित झाली.

आजचं पेगनत्व बहुतांशी विसाव्या शतकात उभं राहिलं. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विक्काबद्दल उघडपणे लिहिलं. वर्षाचं आठ सणांचं चक्र त्याच सुमारास जुळवलं गेलं. त्यातले काही सण जुने आहेत, पण आठही एकत्र पाळणारा समाज प्राचीन काळी आढळत नाही. कुमारी, माता आणि वृद्धा अशी त्रिरूप देवी आज सगळीकडे दिसते. तिला हा आकार मुख्यतः कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९४८ मध्ये दिला. वसंतातल्या 'ओस्टारा' सणामागच्या देवीचं तर संपूर्ण जुन्या वाङ्मयात एकच बऱ्यापैकी स्पष्ट साक्ष देणारं वाक्य सापडतं. ते बीड नावाच्या इंग्लिश भिक्षूने ७२५ मध्ये लिहिलं.

आणखी एक गोष्ट जड मनाने सांगते. चेटकीण ठरवून नव्वद लाख बायका जाळल्या गेल्या, असं अजूनही सांगितलं जातं. इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते साठ हजार मृत्यूंचा आहे. त्यात पुरुषही होते, आणि त्यांतले जवळपास सगळे स्वतःला ख्रिस्तीच मानत होते. साठ हजार हा आकडा हादरवून टाकायला पुरेसा आहे. मेलेल्यांचा मान राखायचा तर त्यांची संख्या फुगवू नये.

माझं मत असं की नवी असली म्हणून उपासना खोटी ठरत नाही. खोटी ठरते ती नव्याला जुनं म्हणून खपवल्यावर.

देवी खरंच असते, की ती मनाचं प्रतीक आहे?

पेगन लोकांत यावर एकमत नाही आणि ते व्हावं अशी कुणाची सक्तीही नाही. काहींच्या मते प्रत्येक देवी स्वतंत्र आहे, तिला तिची मर्जी आहे, तिचे रागलोभ आहेत. काहींना सगळ्या देवी एकाच शक्तीची रूपं वाटतात. हा विचारही जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या एका लॅटिन कथेत आयसिस स्वतः सांगते की वेगवेगळे लोक मला वेगवेगळ्या नावांनी पूजतात, खरं नाव आयसिस. तिसरा गट देवीला मनाच्या खोल थरातली प्रतिमा मानतो.

मी पहिल्या गटात आहे, पण तिथे पोचायला मला काही वर्षं लागली. सुरुवातीला मी 'ती आहे असं धरून चालू' एवढंच ठरवलं होतं. तेवढ्यावर आरंभ करता येतो. तिच्याशी वागताना मात्र ती समोर आहे असंच वागावं.

माझी देवी कोणती, हे कसं ओळखायचं?

चार प्रश्नांची उत्तरं टिचकीने देऊन देवीचं नाव सांगणाऱ्या चाचण्या सोडून द्या. 'प्रेम हवंय म्हणून आफ्रोडायटी, पैसा हवाय म्हणून अमुक' असाही हिशेब करू नका. देवी म्हणजे औषधाच्या दुकानातली फळी नव्हे.

बहुतेक लोकांची वाट तीनपैकी एका दारातून जाते. पहिलं दार म्हणजे पिच्छा न सोडणारी एखादी कथा. प्राचीन सुमेरची (आजचा दक्षिण इराक) देवी इनान्ना पाताळात उतरते तेव्हा सात दरवाजांपाशी तिच्या अंगावरची एकेक गोष्ट उतरवून घेतली जाते आणि शेवटी ती बहिणीसमोर उघडी उभी राहते. आयुष्यात सगळं गमावलेला माणूस ही कथा एकदा वाचतो आणि तिथेच थांबतो. दुसरं दार तुमच्या कामाचं. विणणारे हात अथीनाकडे वळतात, सुईणी आर्टेमिसकडे. तिसरं दार जागेचं, म्हणजे एखादी नदी, टेकडी किंवा झरा.

मी आईच्या दीर्घ आजारपणात ब्रिजिडपाशी पोचले. इसवी सन ९०० च्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात ती कवींची देवी म्हणून येते. तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी आहेत, एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. शब्द, उपचार आणि भट्टी एका नावात कशी, हे मला कळेना. रात्री जागताना मी त्यावरच विचार करत राहायचे. ओळख झाली ती अशी.

आधी वाचा, आणि तेही मूळ स्रोतांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. हेकटे या ग्रीक देवीला आज सर्रास म्हातारी म्हणून रंगवतात, पण प्राचीन ग्रीक शिल्पांत आणि भांड्यांवर ती हातात मशाली घेतलेली तरुण स्त्री आहे. फ्रेया या नॉर्स देवीच्या मांजरांच्या रथाबद्दल वाचताना हेही लक्षात ठेवा की त्या कथा आइसलंडमध्ये १२२० च्या सुमारास, बेट ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटल्यावर, एका ख्रिस्ती माणसाने लिहून ठेवल्या. म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत, पण कुणाच्या चष्म्यातून आपण पाहतोय हे माहीत असावं.

सुरुवात कशी करू? काय काय सामान लागेल?

एक दिवा आणि एक पेला पाणी. सुऱ्या, स्फटिक, रेशमी वस्त्रं यांचं अवडंबर नको.

हात धुवा. ग्रीक लोक देवापुढे जाण्याआधी हेच करत. दिवा लावा. तिचं नाव मोठ्याने घ्या, मनातल्या मनात नको. स्वतःचं नाव सांगा. का आलात ते दोन वाक्यांत सांगा. पाणी अर्पण करा आणि थोडा वेळ गप्प बसा. निघताना आभार माना, नंतर पाणी झाडाला घाला. इतकंच, पण ठरलेल्या वेळी आणि महिनाभर न चुकता. दिवा एकटा सोडून जाऊ नका. अर्पण केलेलं काही बाहेर ठेवायचं असेल तर जे कुजून मातीत मिसळेल आणि प्राणी-पक्ष्यांना बाधणार नाही तेवढंच ठेवा. मिठाने झाडं मरतात, आणि फांद्यांना बांधलेल्या नायलॉनच्या चिंध्या त्यांना आवळत जातात.

प्रार्थनेत काय बोलायचं? मला नीट शब्द सुचत नाहीत.

जुन्या लोकांनाही सुचत नसत, आणि त्याचा पुरावा शिल्लक आहे. इंग्लंडमध्ये बाथ इथे सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचा गरम झरा आहे. रोमन काळात तिथे सुलिस मिनर्व्हा या देवीचं मंदिर होतं. लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर आपलं गाऱ्हाणं खरवडून झऱ्यात टाकत. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले होते. चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, असं साकडं त्याने देवीला घातलं. बऱ्याच पत्र्यांवर चोर 'पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र' असं वकिली काटेकोरपणे नोंदवलेलं आहे.

शाप द्या असं मी म्हणत नाही. मला त्या पत्र्यांत दिसतो तो विश्वास. हातमोज्यांसारखी क्षुल्लक गोष्टही देवीच्या कानावर घालता येते, असं त्या माणसाला वाटत होतं. शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवून त्याने ती घातली.

सुंदर नमुना हवा असेल तर साफोचा आहे. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लेस्बोस बेटावरच्या या कवयित्रीने आफ्रोडायटीला घातलेली साद ही तिची पूर्ण टिकलेली एकमेव कविता मानली जाते. त्यात ती देवीला आठवण करून देते की तू याआधीही माझी हाक ऐकून चिमण्यांच्या रथातून आली होतीस. हसून विचारलं होतंस, आता पुन्हा काय झालं? शेवटी ती विनवते, माझ्या बाजूने लढ. ग्रीक प्रार्थनेची वीण साधारण अशीच असे. आधी हाक, मग जुन्या नात्याची आठवण, मग मागणं. मला त्यातला 'पुन्हा' फार आवडतो. या बाईचं हे नेहमीचं आहे, हे देवीला ठाऊक आहे.

नवस बोलावा का?

बोलायला हरकत नाही, पण फेडता येईल एवढाच. रोमन साम्राज्यभर सापडलेल्या दगडी वेदींवर शेवटी चार अक्षरं कोरलेली दिसतात. त्यांचा अर्थ, 'नवस आनंदाने आणि देवतेच्या योग्यतेनुसार फेडला'. काम झाल्यावर माणसं पदरमोड करून दगड कोरून घेत. तुमच्या ऐपतीप्रमाणे काय द्याल ते आधी ठरवा, तारीख घाला, लिहून ठेवा. 'माझं आयुष्य तुला वाहिलं' असलं वाक्य पहिल्या वर्षात तोंडातून काढू नका. नात्याच्या नव्या नवलाईत ते सहज निघतं.

मी रोज करतेय, पण काहीच जाणवत नाही. माझं चुकतंय का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा लाज असते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिले सात महिने मला काहीही जाणवलं नाही. ना ऊब, ना स्वप्न, ना खूण. इतरांचे अनुभव ऐकले की आपल्यालाच दार बंद आहे असं वाटायचं. दोनदा मी उपासना सोडली. दोन्ही वेळा परत आले, कारण संध्याकाळी दिवा न लावता खोली अर्धवट वाटायची. मला जाणवलेली पहिली गोष्ट ती. ती इतकी साधी होती की मी तिला 'अनुभव' म्हणून मोजलीही नव्हती.

बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने आयर्लंडमधल्या किल्डेअरच्या मठातल्या ज्योतीचं वर्णन करून ठेवलं आहे. एकोणीस जोगिणी (ख्रिस्ती नन) आळीपाळीने एकेक रात्र ज्योत सांभाळत. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं रचून ठेवी आणि म्हणे, ब्रिजिड, तुझी ज्योत तू सांभाळ, आज तुझी पाळी. ही ख्रिस्ती संत ब्रिजिडची ज्योत. ती देवीच्या काळापासून जळत होती असं अनेक जण मानतात, पण तसा पुरावा नाही. १९९३ मध्ये ब्रिजिडच्याच नावाच्या संघातल्या जोगिणींनी किल्डेअरमध्ये ती पुन्हा पेटवली. देवीचे उपासकही आता ठिकठिकाणी वीस दिवसांची पाळी लावतात.

माझ्यासाठी या कथेचं मोल विसाव्या रात्रीत आहे. एकोणीस रात्री आपण सांभाळायच्या, एक रात्र सोडून द्यायची. तिथे माणसाचा हात नको. मीही आता विसाव्या दिवशी दिवा लावत नाही. अंधारात बसते. पहिल्यांदा कुणीतरी सोबत आहे असं वाटलं ते अशाच एका रात्री, आणि नेमकं काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुमचं चुकत नाहीये. काहींना कधीच तीव्र प्रचिती येत नाही आणि तरी त्यांची उपासना आयुष्यभर टिकते. तेही देवीचेच लोक.

स्वप्नात देवी आली, तिने आज्ञा केली. मानायची का?

लिहून ठेवा, आठवडाभर थांबा, मग तीन गोष्टी तपासा. जे सांगितलं ते तिच्या ज्ञात स्वभावाशी जुळतं का? त्यात तुमचीच इच्छा किंवा भीती देवीचा मुखवटा घालून बोलतेय का? ते पाळल्याने तुमचं किंवा दुसऱ्याचं नुकसान होणार आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर स्वप्न कितीही तेजस्वी असो, पाळू नका. प्रत्येक कावळा ही खूण नसते. बहुतेक वेळा तो कावळाच असतो आणि त्याला त्याची कामं असतात.

आवाज थांबतच नसतील, झोप उडाली असेल, कुणीतरी जिवावर उठलंय असं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. उपचार घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. ब्रिजिड वैद्यांचीही देवी आहे, असं मी अशा लोकांना सांगते.

उग्र देवींना घाबरावं का?

आदर ठेवावा. इजिप्तच्या सिंहमुखी सेखमेतने माणसांचा संहार मांडला, तेव्हा रक्तासारखी लाल रंगवलेली दारू शेतांत ओतून तिला शांत केलं, अशी कथा आहे. तिच्याकडून साथी येतात असं मानत, आणि तिचेच पुजारी आजार बरे करत. 'काळी' आणि 'पांढरी' अशी देवींची वाटणी मला म्हणूनच कधी पटली नाही. हेकटेसाठी अथेन्सचे लोक चांद्रमासाच्या अखेरच्या रात्री चौकात अन्न ठेवत. ते गरीब लोक उचलून नेत, यावर अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात टिप्पणीच आहे. आज तिचे अनेक उपासक त्या रात्री भुकेल्यांसाठी धान्य देतात. भीतीपेक्षा हे बरं.

दुसऱ्या संस्कृतीतली देवी मला चालेल का?

आयसिसची मंदिरं इजिप्तपासून ब्रिटनपर्यंत होती. देवी प्रवास करतात. पण काही परंपरा बंद दाराच्या असतात, तिथे दीक्षेशिवाय किंवा त्या समाजात जन्मल्याशिवाय प्रवेश नसतो. गार्डनर यांच्या धाटणीचा विक्कासुद्धा दीक्षेचाच आहे. दार बंद असेल तर खिडकीतून शिरू नये. याउलट, 'नॉर्स देव फक्त गोऱ्या रक्ताचे' म्हणणारे वंशद्वेषी गट भेटतील. त्यांना तो अधिकार कुणीही दिलेला नाही. त्यांच्यापासून दूर राहा.

ही उपासना फक्त स्त्रियांसाठी आहे का?

नाही. काही मंडळं फक्त स्त्रियांची असतात, तो त्यांचा निर्णय. देवी कुणाचीही हाक ऐकते.

सण कधी पाळायचे?

जिथे राहता तिथल्या ऋतूप्रमाणे. दक्षिण गोलार्धातले बहुतेक पेगन हे चक्र सहा महिन्यांनी फिरवून घेतात, कारण कडक उन्हाळ्यात हिवाळी संक्रांत साजरी करणं त्यांना बळजबरीचं वाटतं. ब्रिजिडचा सण, इम्बोल्क, १ फेब्रुवारीचा. आयर्लंडमध्ये २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टी असते.

गुरू हवाच का?

जाणत्या माणसाची सोबत मिळाली तर वाट सुखाची होते, पण ती अट नाही. कुणी 'देवी माझ्या अंगात येऊन बोलते, तिने सांगितलंय की तू एवढे पैसे दे' किंवा 'माझ्याशी शरीरसंबंध हा दीक्षेचा भाग आहे' असं म्हणालं, तर त्याच क्षणी उठून निघा. घरच्यांपासून तोडू पाहणाऱ्याकडूनही. सुरुवातीच्या काळात मी अशा एका मंडळात चार महिने होते. तिथे प्रश्न विचारणं म्हणजे देवीचा अपमान, असं शिकवत. आज माझ्याकडे कुणी आलं की पहिल्या भेटीत मी त्यांनाच सांगते, माझं काय खटकलं ते विचारा.

थांबावंसं वाटलं तर? देवी कोपेल का?

नातं थांबवता येतं. बोललेला नवस उरला असेल तर आधी तो फेडा. मग एकदा नेहमीसारखे बसा, हात धुवा, दिवा लावा, आणि थांबत आहात हे तिला तिच्या नावाने सांगा. कारण द्यायलाच हवं असं नाही. मिळालं त्याबद्दल आभार माना. तिच्यासाठी ठेवलेल्या वस्तू कचऱ्यात टाकू नका. ज्याला हव्या असतील त्याला द्या, किंवा धुऊन पुसून रोजच्या वापरात आणा. माझ्या ओळखीतल्या एकीने बारा वर्षांनी असा निरोप घेतला. तिचा तो पेला आता तिची मुलगी दूध प्यायला वापरते.